पहिला घास परगावचा

आमच्या गावाचं नाव सकाळी उपाशी पोटी कोणी घेत नाही. घेतलं तर त्या दिवशी अन्नाशी गाठ पडत नाही, असा आसपासच्या सगळ्या गावांचा समज आहे. म्हणून या लेखातही ते जरा उशिरानेच येईल. वाचणाऱ्याने काही खाल्लं आहे की नाही, हे मला इथून कळायला मार्ग नाही आणि उगाच कोणाच्या जेवणावर बिब्बा घालायची माझी इच्छा नाही.

तोवर 'पलीकडचं' म्हणू. सगळे तेच म्हणतात. कारंज्याहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर फाट्यावर घंटी मारतो आणि "पलीकडचे, उतरा" असं ओरडतो. पलीकडचं म्हणजे नाल्याच्या पलीकडचं. पण जे लोक नाल्याच्या आमच्याच अंगाला राहतात, तेही आम्हाला पलीकडचेच म्हणतात. दुपारची गाडी असली की तोच कंडक्टर गावाचं नाव खणखणीत घेतो. लग्नाची पत्रिका आमच्या गावाहून सकाळी कोणाकडे पोचली तर ते लोक ती न वाचता देवाजवळ ठेवून देत आणि जेवणं आटोपल्यावर उघडत. एखाद्या मयतीचा निरोप असेल तर मात्र पंचाईत होई. नाव न घेता मयत कोणत्या गावात झाली हे सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानेही न विचारता समजून घ्यायचं.

माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य नाशकात गेलं. विम्याच्या कचेरीत नोकरी झाली, तिथेच घर झालं, मुलं तिथलीच झाली. तरी कोणी "गाव कोणतं?" म्हणून विचारलं की मी नाशिक म्हणत नाही. दुपारी विचारलं तर खरं नाव सांगतो, सकाळी विचारलं तर "कारंज्याजवळचं एक आहे" म्हणून वेळ मारून नेतो. लोकांना वाटतं, याला गावाची लाज वाटते. उलट आहे. आपण एका गावाचे आहोत एवढी एकच गोष्ट मला कधी मिळवावी लागली नव्हती, आणि ती आपल्याकडून कोणी काढून घेईल असंही कधी वाटलं नव्हतं.

यंदा माघ लागला आणि नाशिकच्या भाजीबाजारात हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या दिसायला लागल्या. एक घाटा फोडून तोंडात टाकला की त्याच्या आंबट खारीसकट सगळा हंगाम जिभेवर येतो. त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाचा, गजूचा फोन आला. गजू यंदा सरपंच झालाय.

"काका, पुनवेच्या आदल्या दिवशी ग्रामसभा हाय. गावाचं नाव बदलाचा ठराव ठेवून राह्यलो. तुमाले जुना इतिहास माहीत हाय, तुमी या."

मला जुना इतिहास माहीत आहे, हे मला गजूकडूनच कळलं.

इतिहास म्हणावा असं आमच्याकडे फार काही नाही. कारंज्याचं नाव एका ऋषीवरून पडलं म्हणतात. किन्हीराजा या गावाच्या तर नावातच राजा बसलाय. तो कोणता, हे मला कोणी नीट सांगितलं नाही, पण नावात राजा असल्यावर सकाळी घ्या की संध्याकाळी, कोणी अडवत नाही. आमच्या वाट्याला ना ऋषी आला ना राजा. गावाच्या जुन्या विहिरीत पारवे राहायचे, खूप पारवे, पोहरा सोडला की फडफडून एकदम वर यायचे. त्यांच्यावरून गावाचं नाव पडलं. एवढं साधं नाव. त्यात उपाशी ठेवण्यासारखं काय आहे, हे त्या पारव्यांनाही सांगता आलं नसतं.

पण नावाला चिकटलेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती दोन तऱ्हांनी सांगतात.

पहिली तऱ्हा आसपासच्या गावांची. फार मागे मोठा दुष्काळ पडला होता. आमच्या गावात जमिनीखाली ज्वारीची पेवं होती, म्हणजे विटांनी बांधलेले खोल खड्डे, वरून मातीने लिंपलेले. एक परगावची बाई कडेवर लेकरू घेऊन सकाळी गावात आली. घरोघर फिरली. गावाने पेवांवर घोंगड्या अंथरल्या, त्यांवर बसून घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडेच काही नाही. बाई फाट्यावर गेली आणि तिथून म्हणाली, तुमच्या गावाचं नाव जो सकाळी घेईल तो माझ्यासारखाच दिवसभर उपाशी हिंडेल.

दुसरी तऱ्हा आमच्या गावाची. बाई आली, लेकरू कडेवर होतं, दुष्काळ होता. गावाने पेव उघडलं आणि तिला वाढलं. तिच्या मागून आणखी माणसं आली, त्यांनाही वाढलं. शेवटी पेवं रिकामी झाली आणि गावच उपाशी पडलं. तेव्हापासून आमच्या नावाबरोबर उपासाची आठवण निघते, एवढंच.

बाई तीच, लेकरू तेच, पेवंही तीच. फक्त झाकण उघडं की बंद, एवढाच दोन्ही गोष्टींत फरक आहे. पेवाची एक खोलगट जागा मारुतीच्या देवळामागे आमच्या लहानपणापर्यंत होती. पावसाळ्यात तिथे पाणी साचे आणि म्हशी बसत. म्हशींना कोणी विचारलं नाही.

मी जरा मोठा झाल्यावर आईला विचारलं होतं की आपण जर त्या बाईला वाढलं, तर मग दरवर्षी पुनवेला परक्याची वाट पाहत उपाशी काहून बसतो? आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तवा देल्लं असो का नसो. आता तं देऊन राह्यलो ना?" आणि भाकर तव्यावर टाकली. इतिहास म्हणून जे काही आहे त्यावर याहून जास्त कोणी बोललेलं मला आठवत नाही.

तर ती पुनव. ज्वारीची खळी उठली, कणसं मळून, उपणून, पोती घरी आली की माघातल्या पुनवेला आमच्या गावाचा एक रिवाज आहे. त्या सकाळी घरोघरी चूल पेटते, पण शिजलेलं कोणी खात नाही. प्रत्येक घरची मूठभर ज्वारी गोळा करून भरडतात आणि फाट्यावरच्या निंबाखाली मोठ्या गंजात कण्या शिजवतात. सोबत कढी. मग गाव फाट्यावर बसतं आणि रस्त्याकडे पाहतं. परगावचं माणूस आलं की त्याला पाटावर बसवायचं. ज्या घराची पाळी असेल त्या घरच्या कर्त्याने विचारायचं, "भूक हाय का?" त्याने "हाय" म्हणायचं. मग पहिला घास त्याने घ्यायचा आणि उठून मोठ्याने गावाचं नाव घेऊन सांगायचं की आज मी इथे जेवलो. त्यानंतरच गाव जेवणार. तोवर तान्ह्या लेकराखेरीज कोणाच्या तोंडात काही जायचं नाही.

परगावचा कोण, हेही ठरलेलं आहे. ज्याची चूल आमच्या गावात पेटत नाही तो परगावचा. जात, नातं, जमीनजुमला, काही विचारायचं नाही, फक्त चूल. म्हणून जी घरं ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात, त्यांची चूल पुनवेच्या पहाटे शेजारीण पेटवते. कुलूप उघडते, सारवलेल्या चुलीत दोन काड्या लावते, धूर निघाला की विझवून परत कुलूप लावते. माणसं कोल्हापूरकडे फडात असतात, पण गावातच असतात.

आता यातली गंमत सगळ्यांच्या लक्षात येईल. ज्या गावाचं नावही कोणी सकाळी घेत नाही, त्या गावात सकाळी जेवायला कोण येणार? पुनवेच्या दिवशी तर लोक आमचा फाटा टाळून वावरातून जात. एकीकडे उपासाला घाबरून लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून आम्ही उपाशी. शाप खरा की खोटा माहीत नाही, पण तो टिकवायची सोय आम्ही फार चांगली केली होती.

माझ्या दहावीच्या वर्षीचा माघ सगळ्यांत जास्त आठवतो. परीक्षा तोंडावर आली होती. मी पुस्तक घेऊन वावरात जायचो आणि तुरीच्या गंजीला टेकून बसायचो. वाळलेल्या तुरीला एक वास असतो, धुळीचा आणि किंचित गोड. खळ्यावर उपणणी चालू असायची, वाऱ्यावर भुसा उडून पुस्तकाच्या पानांत बसायचा. अजूनही नागरिकशास्त्र म्हटलं की माझ्या मानेला खाज सुटते. गव्हाच्या ओंब्या भरत आलेल्या, पळसाला अजून फुलं नाहीत पण काळ्या कळ्या धरलेल्या. सकाळी थंडी, दुपारी ऊन. आणि घरात लगबग, कारण माझी चुलतबहीण शोभाताई हिला पाहायला कामरगावचे पाहुणे यायचे होते.

त्या वर्षी पुनवेची पाळी शोभाताईच्या वडिलांची होती. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो. मोठ्या बाबांनी विचार करून कामरगावच्या पाहुण्यांना नेमकं पुनवेच्याच सकाळी बोलावलं. परगावचा माणूसही आयता मिळेल आणि सोयरीकही होईल. शोभाताईला त्याआधी दोन जागा येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही ठिकाणचे लोक "कळवतो" म्हणून गेले होते. लोक म्हणत, गावाच्या नावामुळे. त्यामुळे या वेळी जमायलाच पाहिजे होतं. मोठी आई तर देवाला नारळ बोलूनच बसली होती.

पाहुणे जीपने आले. मुलगा, त्याचे वडील, मामा, आणखी दोघं. सगळं गाव निंबाखाली बसलेलं. कण्या शिजून वाफ धरलेल्या, लेकरांच्या रडण्याला नुकती सुरुवात झालेली. मुलाच्या वडिलांना पाटावर बसवलं. शोभाताई पळसाच्या पत्रावळी घेऊन बाजूला उभी, नवं पातळ नेसून. मोठ्या बाबांनी धोतराचा सोगा सावरला आणि विचारलं, "पाव्हणे, भूक हाय का?"

पाहुण्यांनी मामाकडे पाहिलं. मामाने जीपवाल्याकडे पाहिलं.

"आता काय सांगू भाऊ," पाहुणे शेवटी म्हणाले. "जीपवाल्याले सकाळीच गावाचं नाव सांगा लागलं. नाव तं तोंडातून गेलं. मंग म्हनलं, आज काई पोटात पडत नाई. पोट्टं बी उपाशी राहीन. म्हनून कारंज्याले उतरलो अन् सगळ्याईनं पोटभर खाऊन घेतलं. आलूबोंडे, कचोऱ्या, लय खाल्लं. आता अन्नासमोर बसून भूक हाय म्हनून खोटं कसं बोलू?"

जीपवाला म्हणाला, "मले बी चारलं."

कोणी हसलं नाही. आज मला हसू येतं, पण त्या दिवशी तिथे बसलेल्या प्रत्येकाला भूक लागली होती. आणि भूक नसलेल्या माणसाचा घास चालत नाही. पाहुण्यांना आता वाटलं की आपल्यामुळे गाव उपाशी बसलं. ते ओशाळले आणि ओशाळलेला माणूस जसा जरा रागावतो तसे रागावले. "आमी निगतो मंग," असं मामा पुटपुटला. मोठ्या बाबांचा चेहरा उतरला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मुलगा मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत होता. सोयरीक तिथे, त्या पाटावर, सगळ्यांच्या देखत मोडत होती.

तेव्हा शोभाताई पुढे आली. पत्रावळी तिने खाली ठेवल्या.

"बाबा, मले विचारा."

"काय विचारू?"

"भूक हाय का म्हनून मले विचारा. मले हाय."

मोठे बाबा म्हणाले, "तू का परगावची हायेस?"

"तुमीच तं म्हनता, लेकीची चूल सासरी," शोभाताई म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "या घरच्या चुलीवर माया हक नाई, मंग मी या गावची कशी? मी परगावचीच. आता कोन्त्या गावची, ते या पाव्हन्याईनं सांगावं."

मोठी आई तोंडाला पदर लावून उभी होती. मुलाच्या वडिलांनी शोभाताईकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे. मुलाने मान वर केली आणि पहिल्यांदाच हसला. मग वडील पाटावरून उठले, पाट शोभाताईकडे सरकवला आणि म्हणाले, "कामरगावची! आमची! विचारा भाऊ तिले."

मोठ्या बाबांनी विचारलं. ती "हाय" म्हणाली, पाटावर बसली, कण्यांचा घास घेतला, उठली आणि गावाचं नाव घेऊन सांगितलं की आज मी इथे जेवले. मग एकच गलका झाला. मी किती कण्या खाल्ल्या याचा हिशेब नाही.

सगळे शोभाताईचं कौतुक करत होते. पोरीनं गाव जेवू घातलं, सोयरीकही राखली. फक्त मोठे बाबा जेवले नाहीत. पुढ्यात पत्रावळ होती, कढी वाहून मातीत चालली होती, आणि ते नुसते बसून होते. मी शेजारीच होतो. ते कोणाला म्हणून नाही, असंच म्हणाले, "आपल्या तोंडानं परकी झाली पोरगी." मला तेव्हा वाटलं, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? ती लग्न होऊन जाणारच होती. एक शब्द आधी बोलली, एवढंच.

पुढे सगळंच सोपं झालं. शोभाताई कामरगावला नांदली आणि दर माघात पुनवेला सकाळी उपाशी पोटी आमच्या फाट्यावर येऊ लागली. गावाला हक्काचा परगावचा माणूस मिळाला. लोक रस्त्याकडे पाहायचे थांबले. ती यायची, पाटावर बसायची, "हाय" म्हणायची, घास घ्यायची, नाव घ्यायची. पुढे ती लेकरं घेऊन येऊ लागली, मग चष्मा लावून, मग काठी घेऊन. मी नाशकात होतो. कधी पुनवेला जमे, बहुतेक वेळा नाही. कचेरीत डब्याचं झाकण उघडताना आठवण यायची, की आता कण्या शिजल्या असतील. आणि मग मी डबा खायचो.

मधल्या काळात ज्वारी गेली. सगळीकडे सोयाबीन झालं, त्यावर हरभरा. खळी गेली. हरभऱ्यालाही आता पंजाबातून मोठी मशीनं येतात आणि दुपारच्या आत वावर मोकळं करून देतात. पुनवेच्या कण्यांसाठी लागणारी ज्वारी कारंज्याच्या बाजारातून विकत आणतात, आणि घरोघरची मूठ म्हणून त्याच पोत्यातली एकेक मूठ घरोघर वाटून परत गोळा करतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? मूठ घरातून निघाली पाहिजे, एवढंच रिवाजात सांगितलंय. घरात ती कुठून आली हे सांगितलेलं नाही.

आमचं घरही गेलं. आई गेल्यावर मी ते चुलतभावाला देऊन टाकलं. गजू त्यात आता सोयाबीनचे कट्टे ठेवतो आणि पुढच्या खोलीत त्याची मोटारसायकल उभी असते. चुलीच्या जागी फवारणीचे पंप आहेत. यंदा गेलो तेव्हा गजूच्या नव्या घरात उतरलो. त्याने मला पंख्याखालची खाट दिली, नवी चादर दिली, आणि न्हाणीत साबणाची नवी वडी ठेवली. मला बरं वाटलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. शाळेमागे मशीनवाल्या पंजाब्याने मुक्काम टाकला होता. त्याच्या चुलीवरच्या डाळीचा वास सभेत येत होता. नवं नाव 'अन्नपूर्णानगर' असं सुचवलेलं. गजूने कारण सांगितलं, "शेतकऱ्याच्या पोराले आदीच पोरगी भेटत नाई. त्यात आपलं नाव ऐकलं का लोक चहा बी घेत नाईत." गजूचंही लग्न व्हायचंय. मागून एक बाई म्हणाली, "पोरी नावाले नाई बापा, नोकरीले पाहून राह्यल्या." हशा पिकला.

मग मला बोलायला लावलं. मी दोन्ही तऱ्हा सांगितल्या, पारवे सांगितले. पेवाबद्दल बोललो. नाव हे माणसांनी जपलेलं असतं, आपलं गाव आपण या नावाने ओळखतो, आपण आपलंच नाव पुसायला निघालो तर आपल्याकडे राहील काय, असं बरंच आपलं-आपलं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकलं. शोभाताई पुढे बसली होती. नवरा गेल्यावर आणि मुलगा पुण्यात उंच इमारतीत राहायला गेल्यावर तिचं मन ना कामरगावात रमलं, ना पुण्यात, म्हणून यंदा दिवाळीनंतर ती गावीच परत आली होती. मोठ्या बाबांच्या जागेवर टिनाची एक खोली टाकून राहत होती. माझं झाल्यावर ती म्हणाली, "बापू, आपल्या गावात आपल्या गावाचं नाव घेते कोन? आमी तं गावच म्हनतो. नाव लागते ते परक्याले." आणि मग गजूकडे वळून, "नाव बदलशीन तं बदल. लोक सकाळी नाव घेतीन. पन जेवाले येतीन का?"

ठराव पुढच्या सभेवर गेला. ग्रामसभेत जे पुढे जाऊ शकतं ते जातंच.

दुसऱ्या दिवशी पुनव. निंब आता वठलाय, पण फाट्यावर तोच आहे. गंज तोच. कण्या शिजल्या, कढीला फोडणी बसली, गाव जमलं. पूर्वीएवढं नाही, पण जमलं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांतून सकाळीच धूर निघून गेला होता. पाळी यंदा गजूची. पाट मांडला. शोभाताई सवयीने पाटाकडे निघाली आणि मध्येच थांबली.

"माई चूल तं आता अठीच पेटते," ती म्हणाली.

कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती परत आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता, खोलीवर टिन टाकायला चार माणसं गेली होती, पहिल्या दिवशी तिच्या चुलीला गावाने काड्या दिल्या होत्या. पुनवेचा विचार कोणी केला नव्हता. एवढी वर्षं परगावची म्हणून नाव घेता घेता ती पुन्हा गावची झाली होती, आणि आता गाव उपाशी.

रस्त्याकडे पाहणं सुरू झालं. पुष्कळ वर्षांनी. दोन मोटारसायकली न थांबता गेल्या. एक दूधवाला थांबला, पण त्याचं पोट बिघडलं होतं. एका पोराने सुचवलं, मशीनवाल्या पंजाब्याला बोलवा, तो तर पार परमुलखातला. पंजाबी आला, हात धुऊनच आला. पण एक म्हातारी म्हणाली, "त्याची चूल चार दिवसापासून शाळेमागं पेटून राह्यली. तो गावचाच झाला." गजूने त्याला समजावून सांगितलं. तो हसला आणि गावाच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसला.

मीही त्याच ओळीत बसलो होतो. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, सगळ्यांसारखाच. खरं सांगतो, त्या उपासाचं मला सुख वाटत होतं. लहानपणी जसं लागायचं तसंच ऊन पाठीला लागत होतं. ऊन चढत होतं, लेकरं कुरकुरत होती, आणि मी इतरांबरोबर रस्त्याकडे पाहत होतो, की कोणी परगावचा येतोय का.

शोभाताई रस्त्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. मग काठी टेकत आली, माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या मागोमाग गजूही आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही ते सुचलं होतं, पण त्याच्याने बोलवलं नव्हतं.

"बापू," शोभाताई म्हणाली, "तुई चूल कोठी पेटते?"

मी आमच्या घराकडे पाहिलं. फाट्यावरून ते दिसत नाही. कट्टे, पंप, मोटारसायकल. आज पहाटे ज्या घरांतून धूर निघाला त्यांत ते नव्हतं, आणि कोणा शेजारणीने ते उघडावं अशी आठवण मीही कधी कोणाला दिली नव्हती. मला मोठे बाबा आठवले, पत्रावळीतली वाहून चाललेली कढी आठवली. तेव्हा जे कळलं नव्हतं ते मला आता कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"नाशकात," मी म्हणालो.

तिने माझा हात धरून मला उठवलं. ओळीतून मी निघालो तशी पंजाब्याने सरकून माझी जागा घेतली. मी पाटावर बसलो. गजूने पत्रावळ मांडली. त्याला विचारायचं होतं, पण तो पत्रावळच सारखी करत राहिला. मग शोभाताईनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याने विचारलं.

"काका, भूक हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

कण्या गरम होत्या. घास घेतला, गिळला आणि उठून उभा राहिलो. समोर सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. रिवाजाप्रमाणे मोठ्याने म्हणालो, "आज मी पारवखेडात जेवलो."

माझ्या गावात उभं राहून त्याचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर त्याआधी कधी आली नव्हती.